व्यवस्थापनाचे शिक्षण आणि तंत्रज्ञानाची नोकरी : विद्यालय कसे निवडावे?

गळिताचा हंगाम आटोपला, वजनकाट्यापुढच्या गाड्यांच्या रांगा ओसरल्या, म्हणजे भवानीनगरच्या माणसाला चार गोष्टींचा विचार करायला सवड मिळते. वसंतातील व्याख्यानांचा परिपाठ आपल्याकडे अशा सवडीवरच टिकून आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली. तेव्हापासून विषय विद्वानांपुरता न ठेवता तो गावापुढे मांडावा आणि गावाने त्याचा आपल्या संसाराच्या दृष्टीने विचार करावा, असा पायंडा पडला. आम्ही आज घेतलेला विषय वरवर पाहता पुण्या-मुंबईचा वाटेल. परंतु तो आपल्या ओसरीवर येऊन बसलेला आहे, म्हणूनच त्याची फोड करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे येणारी तरुण मंडळी बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात. कोणी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स आणि पोल मोजणारा बी.एस्सी. असतो, कोणी शेतकी खात्यात ऊसनोंदीचे काम करणारा कृषी पदवीधर, कोणी पतसंस्थेत हिशेब लिहिणारी बी.कॉम. झालेली मुलगी, कोणी वालचंदनगरच्या बाजूला यंत्रशाळेत पाच वर्षे काढलेला इंजिनिअर. वय सव्वीस ते बत्तीस. म्हणणे असे की, "नोकरी सोडून दोन वर्षे एम.बी.ए. करावे आणि मग आयटीत जावे, असे मनात आहे. कॉलेज कोणते घ्यावे?" प्रश्न कॉलेजाचा दिसतो, पण त्याच्या पोटात वडिलांची दीड एकर जमीन असते, धाकट्या बहिणीचे लग्न असते, बायकोच्या अंगावरचे सोने असते. अशा प्रश्नाला एखाद्या नामांकित संस्थेचे नाव सांगून मोकळे होणे हे आम्हांस बेजबाबदारपणाचे वाटते.

प्रथम, 'तंत्रज्ञानाची नोकरी' म्हणजे काय हे नीट पाहू. या नोकऱ्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग प्रत्यक्ष प्रणाली तयार करणारांचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारांचा. दुसरा वर्ग मधल्या माणसांचा : गिऱ्हाइकाला काय हवे ते समजून घेऊन प्रोग्रॅम लिहिणाराला सांगणारा बिझनेस ॲनालिस्ट, आकड्यांच्या ढिगातून अर्थ काढणारा डेटा ॲनालिस्ट, तयार प्रणाली एखाद्या कारखान्यात बसवून देणारा सल्लागार, आणि एखादी वस्तू कशी असावी, कोणासाठी असावी, हे ठरवणारा प्रॉडक्ट मॅनेजर. तिसरा वर्ग भोवतालच्या कामांचा : विक्री, मनुष्यबळ, हिशेब.

ज्याला पहिल्या वर्गात जायचे आहे, त्याने व्यवस्थापनाच्या विद्यालयाची पायरी चढूच नये. त्याची वाट वेगळी आहे. एम.सी.ए.चा अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता, तो २०२० पासून दोन वर्षांचा झाला आहे. मद्रासच्या आयआयटीने २०२० सालीच डेटा सायन्सचा असा अभ्यासक्रम सुरू केला की, जो नोकरी सांभाळून घरी बसून शिकता येतो. प्रोग्रॅम लिहायला शिकण्यासाठी एम.बी.ए. करणे म्हणजे विहीर खणण्यासाठी नांगर विकत घेण्यासारखे आहे. नांगर चांगला असेल, पण त्याचे काम ते नव्हे. व्यवस्थापनाचे शिक्षण उपयोगी पडते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाला. त्यांतही आपल्या भागातील माणसाला खरी संधी दुसऱ्या वर्गात आहे असे आमचे मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

आपल्याकडे ही विद्यालये कशी आली हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यांच्या जन्मातच त्यांचे आजचे स्वरूप दडलेले आहे. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट या संस्था निघाल्या. कलकत्त्याने अमेरिकेतील एमआयटीचे व अहमदाबादने हार्वर्डचे साहाय्य घेतले. मुंबई विद्यापीठात १९६५ साली जमनालाल बजाज संस्था निघाली, तिला स्टॅनफर्डचे साहाय्य होते. १९६३ साली मुंबईत पवईला औद्योगिक अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी निघालेली 'नीटी' ही संस्था २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. पुण्यास १९६७ पासून वैकुंठ मेहता यांच्या नावाची राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. सहकारी कारखान्याच्या छायेत वाढलेल्या आपल्या मंडळींना तिचे नाव ठाऊक असावे. या संस्था निघाल्या त्या मोठमोठ्या कारखान्यांना कारभारी पुरवण्यासाठी. संगणक त्यांत मागाहून आला. नारायण मूर्ती यांनी उमेदवारीच्या काळात अहमदाबादच्या याच संस्थेत संगणकाच्या प्रणालीचे काम केले होते. पुढे पुण्यात पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नोकरी करून १९८१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह पुण्यातच इन्फोसिस काढली. सांगायचा मुद्दा असा की, व्यवस्थापनाचे विद्यालय संगणकाचा कारागीर घडवत नाही. ते कारभार आणि संगणक यांच्या सांध्यावर उभे राहणारा माणूस घडवते; तोही सगळ्याच ठिकाणी घडतो असे नाही.

मग विद्यालयाची पारख कशी करावी? आपल्या गावाला परकी नसलेली एक गोष्ट येथे कामी येते. ती म्हणजे उतारा.

शंभर किलो उसातून किती किलो साखर पोत्यात पडली, याला आपण उतारा म्हणतो. एखाद्या कारखान्याचा उतारा बारा आला आणि शेजारच्याचा साडेदहा आला, तर पहिला कारखाना अधिक चांगला, असे चारचौघांत बोलले जाते. पण प्रयोगशाळेत काम केलेला मनुष्य लगेच मान डोलावणार नाही. तो विचारील, ऊस कोणत्या जातीचा होता? आडसाली की खोडवा? तोडणीनंतर किती तासांनी गाळला? कारण साखर तयार होते ती शेतात. कारखाना ती फक्त बाहेर काढतो. कारखान्याचे कसब पाहायचे असेल, तर उसात मुळात साखर किती होती आणि त्यातली बगॅसमध्ये, प्रेसमडमध्ये व मोलॅसिसमध्ये किती गेली, हे पाहावे लागते.

विद्यालयांचे हुबेहूब असेच आहे. एखाद्या नामांकित संस्थेची मुले मोठ्या पगारावर लागतात, याचे श्रेय कोणाचे? त्या संस्थेत प्रवेश मिळवणारी मुले कॅटच्या परीक्षेत लाखोंच्या गर्दीतून निवडलेली असतात. त्यांतील पुष्कळ जण अगोदरच अभियांत्रिकी शिकलेले, अगोदरच आयटीत नोकरी केलेले असतात. बारा लाख मिळवणारा मनुष्य आत गेला आणि अठरा लाखांवर बाहेर आला. दुसरीकडे एखाद्या साध्या संस्थेत तीन लाखांची मुलगी गेली आणि आठ लाखांवर बाहेर आली. वर्तमानपत्रात छायाचित्र पहिल्याचे येते. परंतु भर कोणी अधिक घातली? आमचे सांगणे एवढेच आहे की, विद्यालयाचा उतारा पाहू नका, त्याचे कसब पाहा; आणि तेही सर्वसाधारण नव्हे, तर तुमच्यासारख्या उसावर त्याने काय कसब दाखवले ते पाहा. आजच्या विवेचनाचे सार या एका वाक्यात आहे. पुढचे सारे त्याचा तपशील होय.

हा तपशील काढायचा कसा? पहिले साधन म्हणजे प्लेसमेंटचा अहवाल. तो वाचताना सरासरी आणि मध्यक यांतला भेद लक्षात ठेवावा. समजा, दहा मुलांपैकी नऊ जणांना प्रत्येकी ६ लाख मिळाले आणि एकाला ४६ लाख. बेरीज १०० लाख. सरासरी १० लाख. जाहिरातीत १० लाख छापले जातील, आणि ते खोटेही नव्हे. पण दहा लाख प्रत्यक्षात एकालाही मिळालेले नाहीत! दहाही जणांना पगाराप्रमाणे रांगेत उभे करून मधल्याला विचारले, तर तो सहा लाख सांगेल. हा मध्यक. म्हणून सरासरी बाजूला ठेवून मध्यक मागावा, आणि शक्य असेल तर रांगेतल्या खालच्या चौथाईला काय मिळाले तेही विचारावे.

त्याच अहवालात आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. वर्गात साठ मुले असता 'शंभर टक्के नोकऱ्या' त्यांपैकी किती जणांच्या हिशेबाने लिहिल्या आहेत? 'प्लेसमेंटमध्ये भाग न घेतलेली' म्हणून काही मुले वगळली असतील, तर ती का वगळली? दुसरे, 'आयटी क्षेत्र' या सदरात कोणती कामे घातली आहेत? आयटी कंपनीत फोनवर विक्री करणाराही आयटीतच मोजला जातो. तिसरे, छापलेल्या पगारात हाती येणारा भाग किती, आणि कामगिरीवर अवलंबून असलेला किंवा पहिल्या वर्षापुरता असलेला किती? अशा अहवालांत एकवाक्यता यावी म्हणून अहमदाबादच्या संस्थेच्या पुढाकाराने 'इंडियन प्लेसमेंट रिपोर्टिंग स्टँडर्ड्स' या नावाची एक ठराविक पद्धत आखली गेली आहे. एखादी संस्था त्या पद्धतीने अहवाल देते, आणि तो बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून घेते काय, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

दुसरे साधन माणसांचे. लिंक्डइनवर संस्थेचे नाव घालून मागील दोन-तीन वर्षांचे विद्यार्थी शोधता येतात. त्यांतून आपल्यासारखे निवडावेत : अभियंता नसलेले, मराठी माध्यमात शिकलेले, चार-पाच वर्षे कारखान्यात किंवा बँकेत काम केलेले. अशा पाच जणांना पत्र लिहावे. तीन तरी उत्तर देतात, असा आमचा अनुभव आहे. त्यांना "कॉलेज चांगले आहे का?" असे विचारू नये, कारण आपले कॉलेज वाईट असे कोणी सांगत नाही. "तुमच्या वर्गात माझ्यासारखे किती होते, आणि त्यांतले किती जण आज तंत्रज्ञानाच्या कामात आहेत?" असे विचारावे. असे पाच जण शोधूनही सापडले नाहीत, तर तेच उत्तर समजावे.

तिसरी पाहायची गोष्ट म्हणजे अभ्यासक्रमाची मुदत. एम.बी.ए. सर्वसाधारणपणे दोन वर्षांचे. हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस २००१ पासून एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवते. अहमदाबादनेही २००६ पासून अनुभवी लोकांसाठी तसा अभ्यासक्रम ठेवला. एका वर्षाचा पगार वाचतो, हे खरे. पण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने एखाद्या कंपनीत उमेदवारी करावी लागते, आणि एक वर्षाच्या अभ्यासक्रमात ती सहसा नसते. ज्याला आपल्याच क्षेत्रात वर चढायचे आहे, त्याला ती नसली तरी चालते. ज्याला क्षेत्र पालटायचे आहे, त्याचा मात्र तोच पूल असतो. आजवर साखरेत काम केलेल्या माणसाच्या अर्जावर तंत्रज्ञानाचे पहिले नाव त्या दोन महिन्यांत चढते. म्हणून व्यवसाय पालटणाराने त्या उन्हाळ्यात मुले कोठे गेली, त्यांची यादी नोकऱ्यांच्या यादीपेक्षाही बारकाईने वाचावी.

चौथी गोष्ट मान्यतेची. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. विद्यापीठाशी संलग्न असलेली विद्यालये एम.बी.ए. पदवी देतात, स्वायत्त संस्था पी.जी.डी.एम. ही पदविका देतात, आणि तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते. आयआयएम संस्थाही पूर्वी पदविकाच देत. २०१७ च्या कायद्याने त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तेव्हा पदवी मोठी आणि पदविका धाकटी, असे नव्हे. मान्यता आहे की नाही, हे महत्त्वाचे. आपल्या राज्यात एम.बी.ए.साठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेशपरीक्षा असते आणि पुढे केंद्रीभूत फेऱ्यांतून प्रवेश होतात. खाजगी विनाअनुदानित विद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. तो आकडा पाहून ठेवावा, म्हणजे कोणी 'विकास निधी' म्हणून वेगळे मागू लागला तर बोलता येते. सरकारी शुल्कसवलती बहुधा केंद्रीभूत फेऱ्यांतून येणारांनाच मिळतात, संस्थेच्या कोट्यातून येणारांना नव्हे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकारने माफ केले, तेही अशा प्रवेशांसाठीच. घाईने कोट्यातील जागा घेणारी मुलगी ही सवलत गमावते, हे तिच्या आईवडिलांनी ध्यानात घ्यावे.

आता पैशाकडे वळू. समजा, पुण्यातील एका विद्यालयाचे दोन वर्षांचे शुल्क व राहणे मिळून १३ लाख होते. त्यांतले १० लाख कर्जाने उभे केले. व्याज दहा टक्के धरू. शिकत असताना हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. सगळी रक्कम आरंभी उचलली, तर दोन वर्षांचे सरळव्याजच २ लाख झाले. आता १२ लाखांची फेड सात वर्षांत करायची, तर महिना हप्ता सुमारे १९,९०० रुपये येतो. सहा लाखांच्या पॅकेजात हाती महिना बेचाळीस-पंचेचाळीस हजार पडतात. म्हणजे जवळजवळ निम्मा पगार बँकेचा. उरलेल्यात पुण्याचे भाडे, खाणावळ आणि गावाकडे पाठवायचे पैसे. शिवाय सोडलेल्या नोकरीचा दोन वर्षांचा पगार, महिना २५,००० धरला तरी ६ लाख, हा खर्चच होय. तो कोणी मागायला येत नाही म्हणून दिसत नाही एवढेच. आमचा एक साधा दंडक आहे : विद्यालयाच्या मध्यक पगारातून हाती येणाऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाहून हप्ता मोठा होत असेल, तर ते विद्यालय कितीही गोड लागले तरी आपल्यासाठी नव्हे. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपणच म्हणतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदार यांवाचून कर्ज मिळते. आपण निवडलेली संस्था त्या यादीत आहे काय, हे पाहणे दुहेरी उपयोगाचे. कर्जही सोपे, आणि संस्थेची थोडी परीक्षाही झाली.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाची हकिकत येथे सांगितली पाहिजे. कारखान्यातली कायम नोकरी सोडून त्याने एका संस्थेत प्रवेश घेतला. इमारत काचेची, अभ्यासक्रमाचे नाव 'बिझनेस ॲनालिटिक्स'. दोन वर्षांत आकड्यांचा विषय शिकवायला तीन प्राध्यापक येऊन गेले. एकही टिकला नाही. शेवटी नोकरी मिळाली ती घरोघर शिकवणीचे ॲप विकण्याची. आज तो हप्ते फेडतो आहे आणि पुन्हा हिशेबाच्या कामाला लागला आहे. त्याची बुद्धी कमी नव्हती. प्रवेश घेण्यापूर्वी त्याने एकच गोष्ट केली नव्हती : तेथून बाहेर पडलेल्या एकाही विद्यार्थ्याशी तो बोलला नव्हता. म्हणून पाचवी गोष्ट, शिकवणारांची. डेटा, प्रणाली आणि प्रॉडक्ट हे विषय कोण शिकवतो, तो पूर्णवेळ आहे की तासापुरता, आणि कंपनीत काम करणारी माणसे वर्गात येतात काय, हे विचारावे. हिंजवडी किंवा पवई जवळ असण्याचा लाभ तेवढ्यासाठीच आहे.

आता थोडे स्वतःकडे पाहू. व्यवसाय पालटताना तीन बांध असतात : काम, धंदा आणि गाव. हिशेब लिहिणारा प्रणालीच्या कामात गेला, म्हणजे काम बदलले. साखरेतून बँकेच्या तंत्रज्ञानात गेला, म्हणजे धंदा बदलला. भवानीनगरहून बंगलोरला गेला, म्हणजे गाव बदलले. तिन्ही बांध एका उडीत ओलांडू पाहणारा बहुधा मधल्या चिखलात पडतो. एका वेळी एक, फार तर दोन. मोठ्यांची उदाहरणे याच रीतीने पाहावीत. सुंदर पिचई मुळात धातुशास्त्राचे अभियंता. त्यांनी २००२ साली व्हार्टनमधून एम.बी.ए. केले आणि २००४ साली ते गूगलमध्ये गेले. सत्या नडेला मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करीत असतानाच शिकागोच्या विद्यापीठात शिकत राहिले आणि १९९७ साली त्यांनी एम.बी.ए. पूर्ण केले. दोघांनीही हातातले सगळे एकदम टाकून दिले नव्हते. दोघांच्या पाठीशी विज्ञान-तंत्रज्ञानाचे पक्के शिक्षण होते, आणि त्यावर त्यांनी कारभाराचे शिक्षण बसवले.

आपल्या पाठीशी काय आहे? ज्याला आपण मागासलेपण समजतो, तेच पुष्कळदा आपले भांडवल असते. शेतकी खात्यातल्या तरुणाला ऊसनोंद कशी होते, लागणीच्या तारखेवरून तोडणीचा क्रम कसा ठरतो, एका शेतकऱ्याचा ऊस मागे का राहतो, वजनकाट्यावरची पावती बिलापर्यंत कशी जाते, आणि या वाटेत भांडण नेमके कोठे होते, हे सारे माहीत असते. या कामाची प्रणाली लिहिणाऱ्या शहरातल्या प्रोग्रॅमरला यांतले काही माहीत नसते. या दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांची भाषा बोलणारा मनुष्य म्हणजेच बिझनेस ॲनालिस्ट. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. उपग्रहाची चित्रे, हवामानाच्या नोंदी आणि मातीतले संवेदक यांवरून पाणी व खत केव्हा द्यावे ते शेतकऱ्याला सांगायचे, असे त्याचे स्वरूप आहे. हे तंत्रज्ञान आपल्या बांधावर आले, कारण येथे ऊस आहे आणि ऊस समजणारी माणसे आहेत. आम्ही दुसऱ्या वर्गाकडे बोट दाखवले ते याच कारणाने.

याला दुसरी बाजूही आहे. तंत्रज्ञानाच्या नोकऱ्या आता पूर्वीसारख्या भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. २०२१-२२ मध्ये भरती जोरात होती. २०२३ पासून ती मंदावली. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या जुन्या कंपनीने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या पायऱ्यांवरची माणसे होती. म्हणून कोणत्याही अहवालाचे एकच वर्ष पाहू नये. तेजीचे एक आणि मंदीचे एक, अशी दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. मंदीच्या वर्षी ज्या संस्थेने आपली मुले सांभाळली, ती संस्था खरी.

जवळचे विद्यालय घ्यावे की दूरचे, असा प्रश्न उरतो. बारामतीत १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेत एम.बी.ए. शिकता येते. घरून जाऊन-येऊन शिकणारास राहण्याचा खर्च नाही, कर्ज लहान, आणि घरची शेती सुटत नाही. नोकरीच सोडणे शक्य नसेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. पुण्या-मुंबईत शिकल्याने कंपन्या जवळ येतात, सोबती मिळतात, बोलण्यात सफाई येते. हा लाभ खरा आहे, पण त्याची किंमत वर सांगितली तशी आहे. आमचा हिशेब असा : पहिल्या फळीच्या संस्थेत प्रवेश मिळाला, तर कर्ज काढूनही जावे. तो न मिळाल्यास दूरच्या मध्यम संस्थेपेक्षा जवळची, मान्यताप्राप्त, अल्प खर्चाची संस्था आणि तिच्या जोडीला स्वतःचा अभ्यास, हा मार्ग पुष्कळांना अधिक हिताचा ठरेल.

शेवटी एक सूचना. अर्ज भरण्यापूर्वी सहा महिने आपल्याच जागी एक प्रयोग करावा. संध्याकाळी घरी बसून एक्सेल आणि एसक्यूएल शिकावे. त्याला फारसा पैसा लागत नाही. मग आपल्याच कचेरीतले एक काम, वरिष्ठांच्या परवानगीने, त्यांत बसवून पाहावे : तोडणी आणि गाळप यांत किती तास गेले त्याचा तक्ता असो, की पतसंस्थेतील थकबाकीची वर्गवारी असो. याचे दोन लाभ आहेत. काम आवडले, तर मुलाखतीत सांगण्यासारखी एक खरी गोष्ट हाती येते. नामांकित संस्थाही अशा गोष्टीची कदर करतात. आवडले नाही, तर सहा महिने गेले, पण जमीन शाबूत राहिली.

या सभेत बसलेल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी असा विचार घेऊन आली, तर "आहे ते काय वाईट आहे?" म्हणून तिला गप्प करू नका, आणि शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून तिला ढकलूही नका. तिच्यासमवेत एक रविवार बसा. मध्यक किती, हप्ता किती, उन्हाळ्यात मुले कोठे जातात, शिकवते कोण, आणि आपल्यासारखी माणसे तेथून कोठे पोहोचली, या पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढा. आपला ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा, याचा विचार तुम्ही दर हंगामाला करता. भाव विचारता, काटा विचारता, मागचे बिल कधी मिळाले ते विचारता. मुलाच्या आयुष्यातली दोन वर्षे कोठे घालायची हे ठरवताना त्याहून कमी चौकशी करून भागणार नाही.